आज कोणाला उतरवायचं, कोणाला बसवायचं? फँटसी बास्केटबॉलचा रोजचा पेच

25 मार्च 2012 ला सॅन अँटोनियो स्पर्सचा सामना फिलाडेल्फियाशी होता. तीन दिवसांतला त्यांचा हा तिसरा सामना. प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी 35 वर्षांच्या टिम डंकनला विश्रांती दिली. सामन्याच्या तक्त्यात न खेळलेल्या खेळाडूपुढे कारण नोंदवतात: गुडघा, घोटा, ताप, असं काहीतरी. डंकनच्या नावापुढे एकच शब्द होता, 'म्हातारा'.

बास्केटबॉलचे चाहते हा किस्सा अजूनही हसत हसत सांगतात. पण ज्यांनी त्या दिवशी डंकनला आपल्या फँटसी संघात उतरवून ठेवलं होतं, त्यांच्या खात्यात शून्य जमा झालं. त्याच वेळी त्यांच्या बाकावर खेळणारा दुसरा कुणी बसलेला असेल, तर त्याचे आकडेही वाया गेले.

हा खेळ खेळणारी माणसं रोज फोन उघडून पाच-दहा मिनिटं नावं इकडची तिकडे करताना दिसतात. बघणाऱ्याला प्रश्न पडतो की संघ तर एकदाच निवडला होता, मग हे रोजचं काय चाललंय?

आधी खेळ समजून घेऊ

दहा-बारा जण मिळून एक लीग करतात. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक स्पर्धेचा हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. त्याआधी हे सगळे पाळीपाळीने खऱ्या खेळाडूंची निवड करतात. एक खेळाडू लीगमध्ये एकाच संघाकडे. क्रिकेटची फँटसी प्रत्येक सामन्याला नव्याने लावणाऱ्यांना हे वेगळं वाटेल, कारण इथे संघ हंगामभर तुमच्याकडेच असतो. मैदानावर त्या खेळाडूने जे केलं ते तुमच्या खात्यात येतं.

एका प्रचलित मांडणीत संघात तेरा खेळाडू असतात. त्यातले दहा 'लाइनअप'मध्ये, म्हणजे त्या दिवशी ज्यांचे आकडे मोजले जाणार अशा जागांवर, आणि तीन बाकावर. बाकावरच्याने मैदान गाजवलं तरी तुम्हाला काही मिळत नाही.

मोजणीच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत प्रत्येक गोष्टीला ठरावीक गुण देऊन एक बेरीज करतात. दुसरीत नऊ वेगवेगळे रकाने असतात: गुण, रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर चेंडू पकडणं), असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारा पास), स्टील (समोरच्याकडून चेंडू हिसकावणं), ब्लॉक (समोरच्याचा फटका अडवणं), तीन गुणांचे फटके, नेमबाजीची टक्केवारी, फ्री थ्रोची (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फटक्यांची) टक्केवारी आणि टर्नओव्हर, म्हणजे चेंडू घालवण्याच्या चुका. या दुसऱ्या पद्धतीत आठवड्याला एक प्रतिस्पर्धी असतो आणि जो जास्त रकाने जिंकेल तो पुढे. काल्पनिक बजेटमध्ये रोज नवा संघ घेण्याचा आणखी एक प्रकार आहे. ड्राफ्टकिंग्जवर 50,000 डॉलरच्या मर्यादेत आठ खेळाडू बसवायचे असतात. इथे मी मुख्यतः हंगामी लीगबद्दल बोलतोय, कारण रोजचा घोळ तिथेच जास्त होतो.

मग रोज का?

कारण खरे संघ रोज खेळत नाहीत. एनबीएत 30 संघ आहेत, प्रत्येकाचे 82 साखळी सामने. एका संघाच्या वाट्याला आठवड्यात साधारण तीन-चार सामने येतात, कधी दोनच. आणि ते सारखे पसरलेले नसतात. बुधवारी, शुक्रवारी झुंबड असते, तर एखाद्या दिवशी दोन-तीनच सामने असतात. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी एकही सामना नसतो, म्हणून त्या आठवड्यात उरलेल्या दिवसांवर गर्दी होते.

त्यामुळे तुमच्या तेरा जणांपैकी एका दिवशी बारा मैदानात असतात आणि दुसऱ्या दिवशी दोघेच. रोजचं काम म्हणजे आज ज्यांचा सामना आहे त्यांना मोजणीच्या जागांवर आणणं. हे वाचून कुणी म्हणेल, यात डोकं कुठे लागलं? बहुतेक दिवशी लागतही नाही. पण हरलेल्या आठवड्यांकडे मागे वळून बघा. चुकीचा खेळाडू निवडल्यामुळे हरल्याची उदाहरणं थोडी सापडतात. जागा रिकामी राहिल्यामुळे किंवा न खेळणारा माणूस तिथे बसवून ठेवल्यामुळे हरल्याची भरपूर. मी स्वतः एक आठवडा एका स्टीलने हरलोय. दोन स्टील करणारा माझा खेळाडू त्या रविवारी बाकावर होता, आणि त्याच्या जागी जो होता त्याचा त्या दिवशी सामनाच नव्हता. शनिवारी लाइनअप लावली ती तशीच राहिली होती.

माणसं बारा, जागा दहा

गर्दीच्या दिवशी खरा पेच येतो, आणि तो फक्त 'कोण चांगला' एवढाच नसतो. प्रत्येक जागेला खेळाडूच्या मैदानावरच्या भूमिकेची अट असते. पॉइंट गार्ड, शूटिंग गार्ड, स्मॉल फॉरवर्ड, पॉवर फॉरवर्ड, सेंटर अशी एकेक जागा; मग कुठल्याही गार्डला चालणारी एक, कुठल्याही फॉरवर्डला चालणारी एक; आणि शेवटी 'युटिलिटी' नावाच्या तीन जागा, जिथे कुणीही चालतो.

घरी अचानक पाहुणे आले की आपण काय करतो? आजींना खाली बसता येत नाही, त्यांना आधी पलंग. कंबरदुखीवाल्या काकांना गादी. कॉलेजातला भाचा कुठेही लवंडतो, त्याचा विचार सगळ्यात शेवटी. भाच्याला आधीच पलंगावर झोपू दिलं तर रात्री अकराला सगळ्यांना उठवायची वेळ येते.

लाइनअपही अशीच लावायची. जो फक्त सेंटर म्हणून चालतो त्याला आधी सेंटरची जागा. जो गार्डही आहे आणि फॉरवर्डही, तो भाचा. त्याला शेवटी कुठेही सरकवता येतं. युटिलिटी जागा जमेल तितका वेळ मोकळ्या ठेवायच्या. बरेच जण पहिल्या फटक्यात सगळ्यात आवडता खेळाडू युटिलिटीत टाकतात आणि मग दोन सेंटर हातात असताना एक बाहेर राहतो.

या गर्दीचा एक आडवा परिणामही होतो. समजा एका खेळाडूचे आठवड्यात दोन सामने आहेत आणि तो प्रत्येकी 45 गुण देतो, म्हणजे 90. दुसऱ्याचे चार सामने, प्रत्येकी 25, म्हणजे 100. कागदावर दुसरा सरस. पण त्याच्या चारपैकी दोन सामने बुधवारी आणि शुक्रवारी असतील, आणि त्या दिवशी तुमच्या दहाही जागा त्याच्यापेक्षा चांगल्यांनी भरलेल्या असतील, तर त्याचे दोनच सामने कामाला येतात. 100 चे झाले 50. सामने मोजायचे ते त्याचे नव्हेत, आपल्या जागेत बसणारे. म्हणून अनुभवी मंडळी बाकावरचा शेवटचा माणूस निवडताना मंगळवार, गुरुवार, शनिवार अशा विरळ दिवशी खेळणारा संघ बघतात.

'स्टार्टर' या शब्दाची फसगत

फँटसीत 'स्टार्ट करणं' म्हणजे मोजणीच्या जागेवर बसवणं. खऱ्या सामन्यात 'स्टार्टर' म्हणजे पहिल्या पाचात मैदानात उतरणारा. दोन्हींचा एकमेकांशी तसा संबंध नाही. लू विल्यम्सने 2017-18 च्या हंगामात सामन्यामागे 22.6 गुण केले आणि बहुतेक सामन्यांत तो बाकावरून उठून आला होता. 'पहिल्या पाचात नाही' म्हणून त्याला बाहेर ठेवणाऱ्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

पाहायची असतात ती मिनिटं. सामना 48 मिनिटांचा, मैदानात पाच जण, म्हणजे एका संघाकडे वाटायला 240 मिनिटं. हा डबा ठरलेल्या मापाचा आहे. जादा वेळ झाला नाही तर त्यात भर पडत नाही. म्हणून एखादा मोठा खेळाडू जखमी झाला की त्याची 34-35 मिनिटं हवेत विरत नाहीत, ती कुणाच्या तरी ताटात पडतात. काल 18 मिनिटं खेळणारा राखीव गार्ड आज 32 मिनिटं खेळतो, आणि त्या दिवसापुरता नामांकित पण मोजकीच मिनिटं मिळणाऱ्या खेळाडूपेक्षा मोलाचा ठरतो. बातमी वाचताना 'कोण नाही' याच्या पुढचा प्रश्न 'मग कोण' हा असतो. लीगमधले तरबेज लोक तिथे आधी पोहोचतात.

नुसती मिनिटं म्हणजे सगळं नव्हे, हेही खरं. 2017 मध्ये मिलवॉकीचा टोनी स्नेल एका सामन्यात 28 मिनिटं मैदानात होता आणि त्याचा गुण नाही, रिबाउंड नाही, असिस्ट नाही, काहीच नाही. तक्त्यात शून्यांची रांग. पण असा प्रकार लक्षात राहतो तो विरळा असतो म्हणूनच.

'शंकास्पद' म्हणजे काय समजायचं?

संघांना दुखापतींचा अहवाल द्यावा लागतो आणि तो सामन्याच्या वेळेपर्यंत बदलत राहतो. त्यात ठरलेले शब्द असतात. 'प्रोबेबल' म्हणजे बहुधा खेळणार, साधारण 75 टक्के. 'क्वेश्चनेबल' म्हणजे छापा-काटा. 'डाउटफुल' म्हणजे पंचवीस टक्के. 'आउट' म्हणजे विषय संपला. पहिले पाच खेळाडू कोण, हे सामन्याच्या अर्धा तास आधी कळतं.

फँटसीत खेळाडूची जागा त्याचा सामना सुरू होताच गोठते. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या शहरांतले सामने तिथल्या संध्याकाळी सातला सुरू होतात, पश्चिमेकडचे पूर्वेच्या घड्याळात दहाला. या तीन तासांत पुष्कळ काही होतं.

एक हिशेब करू. तुमचा क्वेश्चनेबल खेळाडू दहाच्या सामन्यात आहे. खेळला तर 30 गुण, पण शक्यता निम्मी, म्हणजे सरासरी 15. सातच्या सामन्यात दुसरा आहे, तो नक्की खेळणार, 18 गुण देणार. नुसतं एवढंच असेल तर 18 वाला घ्यावा. पण बाकावर दहाच्याच सामन्यातला आणखी एक 14 गुणांचा खेळाडू असेल, तर चित्र पालटतं. आता तुम्ही थांबू शकता. मोठा खेळाडू आला तर 30, नाही आला तर 14. सरासरी 22. वाट पाहणंच फायद्याचं झालं.

अट एकच, दोघंही बसतील अशी जागा मोकळी हवी. म्हणून युटिलिटीत उशिराच्या सामन्यांतले खेळाडू ठेवायचे आणि सातवाले त्यांच्या ठरलेल्या जागांवर बसवायचे. या एका सवयीने हंगामात जितका फायदा होतो तितका तासभर आकडेवारी चाळून होत नाही, असं माझं मत आहे.

दुखापत नसतानाही तारे बसतात का?

बसतात. डंकनचं उदाहरण वर आलंच. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्पर्सने मायामीच्या सामन्याआधी डंकन, टोनी पार्कर, मनू जिनोबिली आणि डॅनी ग्रीन या चौघांना थेट घरी पाठवलं, आणि एनबीएने स्पर्सला अडीच लाख डॉलरचा दंड ठोठावला. तरी प्रथा वाढतच गेली. क्वाय लेनर्ड 2018-19 मध्ये टोरोंटोकडून 82 पैकी 60 सामने खेळला. लागोपाठच्या दोन दिवशी सामने असले की त्यातल्या एकात तो नसायचाच. आणि शेवटी टोरोंटोने अजिंक्यपद जिंकलं, त्यामुळे कुणाला नावं ठेवायची सोयही उरली नाही.

2023-24 पासून नियम कडक झाले. एकाच सामन्यात एकापेक्षा जास्त तारांकित खेळाडूंना नुसत्या विश्रांतीसाठी बसवता येत नाही, आणि मोठे पुरस्कार हवे असतील तर साधारण 65 सामने खेळावे लागतात. यामुळे बसणं कमी झालं तरी थांबलेलं नाही. लागोपाठच्या दोन सामन्यांतला दुसरा सामना, वय झालेला किंवा नुकताच दुखापतीतून परतलेला खेळाडू, आणि मार्च-एप्रिलमधले ज्यांना आता हरण्यातच फायदा आहे (नवे खेळाडू निवडताना आधीची पाळी मिळावी म्हणून) असे संघ, हे तीन योग दिसले की बाकावर बदली तयार ठेवावा. दुर्दैव असं की बऱ्याच फँटसी लीगच्या अंतिम फेऱ्याही त्याच मार्चमध्ये येतात.

पण समोरचा संघ कोण, हे बघायला नको?

बघा, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. वेगवान संघाविरुद्ध चेंडू जास्त वेळा हाती येतो, हे खरं. एका सामन्यात संघाला चेंडू ढोबळमानाने शंभर वेळा मिळतो. वेगवान आणि संथ संघांत यातला फरक पाच-सात वेळांचा. म्हणजे 30 गुणांच्या खेळाडूला दीड-दोन गुण इकडे-तिकडे. मिनिटं 24 वरून 32 वर गेली तर फरक पडतो एक तृतीयांशाचा. दोन खेळाडू अगदी तुल्यबळ असतील तेव्हाच प्रतिस्पर्ध्याचा विचार कामाला येतो.

आणि तो आठवडाभर एकही फटका लावत नाहीये, त्याचं काय?

2018 च्या हंगामात पहिल्या सात सामन्यांत क्ले थॉम्पसनने तीन गुणांचे 36 फटके मारले आणि त्यातले पाच आत गेले. वैतागून त्याला बाकावर टाकणारे नक्कीच असतील. पुढचा सामना 29 ऑक्टोबरला शिकागोशी होता. क्लेने 27 मिनिटांत 52 गुण केले, तीन गुणांचे 14 फटके लावले, आणि तो एनबीएचा विक्रम झाला.

नेमबाजी अशीच वरखाली होते. त्यात आठवड्याभराचे आकडे फारसं काही सांगत नाहीत. मिनिटं तीच आहेत, फटक्यांची संख्या तीच आहे, फक्त चेंडू आत जात नाही, तर खेळाडूला हात लावू नका. मिनिटंच घटली असतील तर मात्र कारण शोधा.

रकान्यांच्या लीगमध्ये गणित उलटं फिरतं

गुणांच्या बेरजेत जास्त ते चांगलं. रकान्यांत तसं नाही. 2017 च्या फेब्रुवारीत ड्रेमंड ग्रीनने मेंफिसविरुद्ध फक्त 4 गुण केले. बातमीची ओळ एवढीच वाचली तर वाटेल, वाया गेला. पण त्याच सामन्यात 12 रिबाउंड, 10 असिस्ट, 10 स्टील आणि 5 ब्लॉक होते. दहा स्टील म्हणजे फँटसी संघाच्या आठवड्याच्या कमाईतला मोठा वाटा.

याची दुसरी बाजू आंद्रे ड्रमंड. 20 जानेवारी 2016 ला ह्यूस्टनने त्याला मुद्दाम फाउल करकरून फ्री थ्रो मारायला लावले. त्याने 36 मारले, 13 आत गेले. आता समजा तोवर तुमच्या संघाचे आठवड्यात 100 पैकी 80 फ्री थ्रो आत गेले होते. झकास 80 टक्के. ड्रमंडची भर पडल्यावर झाले 136 पैकी 93, म्हणजे 68 टक्क्यांवर. एका माणसाने एका दिवसात अख्खा रकाना घालवला. मात्र रिबाउंड त्याच माणसाकडून ढिगाने मिळतात. त्याला खेळवायचं की नाही, याचं उत्तर या आठवड्यात फ्री थ्रोचा रकाना तुमच्या आवाक्यात आहे का, यावर ठरतं. आधीच हातातून गेला असेल तर ड्रमंडला बिनधास्त उतरवा, आणखी वाईट होऊन होऊन काय होणार?

यातूनच रविवारचा तो विचित्र प्रकार येतो, रिकामी जागा मुद्दाम ठेवण्याचा. समजा तुम्ही पाच रकाने जिंकताय आणि त्यात टर्नओव्हर आहे, दोन चुकांच्या फरकाने. बाकीचे चार रकाने हरलेलेच आहेत, त्यात काही पकडता येण्यासारखं नाही. प्रतिस्पर्ध्याचे सगळे सामने संपलेत. तुमच्या रविवारच्या तीन खेळाडूंनी मिळून तीन चुका केल्या तर जिंकलेला आठवडा जातो. अशा वेळी तिघांनाही बसवणं हा शहाणपणा आहे, पळपुटेपणा नव्हे. फक्त लीगमध्ये किमान सामन्यांची अट नाही ना, हे आधी पाहावं. आणि फरक एकाचाच असेल तर जपून, कारण अधिकृत आकडे नंतर दुरुस्त होतात आणि सोमवारी दिलेली एक स्टील मंगळवारी काढून घेतली जाते.

'रोटिसरी' प्रकारात तर रिकामी जागा सहज परवडते. हे नाव न्यूयॉर्कच्या एका रेस्टॉरंटवरून आलं, जिथे 1980 मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि मित्रांनी बेसबॉलची अशी लीग सुरू केली. यात आठवड्याचा प्रतिस्पर्धी नसतो, हंगामभराची बेरीज असते, आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्येक जागेला 82 सामन्यांची मर्यादा असते. तिथे प्रत्येक सामना म्हणजे पाकिटातली एक नोट. सुमार खेळाडूवर ती खर्च केली की एप्रिलमध्ये चांगल्यासाठी उरत नाही. आठवड्याच्या लीगमधून इथे आलेला माणूस सवयीने रोज सगळ्या जागा भरतो आणि मार्चमध्येच त्याचे सामने संपतात.

हे सगळं बटण दाबून होत नाही का?

बहुतेक फँटसी सेवांवर लाइनअप आपोआप लावायचं बटण असतं. सकाळी ते जरूर दाबा. ज्याचा सामना आहे त्याला आत घेणं, पाहुण्यांना पलंग-गादी वाटणं, ही कामं ते माणसापेक्षा अचूक करतं. पण तुम्ही टर्नओव्हरमध्ये दोनने पुढे आहात, किंवा दहाच्या सामन्याची वाट पाहायची आहे, याचा विचार त्याच्याकडून होईलच असं नाही. शिवाय सकाळी लावलेली लाइनअप सकाळच्या बातम्यांवर असते. अमेरिकेच्या पूर्वेच्या घड्याळात संध्याकाळी साडेसहाला, पहिले पाच जाहीर झाले की, एकदा पुन्हा डोकवायचं. पश्चिमेचे सामने असतील तर साडेनऊलाही.